‘नॉट फिट’ म्हणजे नापास नव्हे

अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या आरामनगरात कुठल्याही कामाच्या दिवशी दुपारी गेलं, तर जुन्या बैठ्या बंगल्यांच्या दारांशी तरुण मुलामुलींचे घोळके उभे दिसतात. खांद्यावरच्या पिशवीत बदलायला एखादा शर्ट नाहीतर साडी, मोबाइलवर उघडलेलं संवादाचं पान आणि ओठांची पुटपुट. दाराशी बसलेला सहायक आलेल्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळतो आणि पुष्कळदा आत न सोडताच दोन शब्दांत वाटेला लावतो : ‘नॉट फिट’. या व्यवसायात हे दोन शब्द इतके रुळलेत की त्यांचा अर्थ कुणी तपासत नाही. ऐकणाऱ्याच्या कानी ‘नापास’ एवढंच पडतं. शब्द मात्र शिंप्याच्या दुकानातला आहे. बाही आखूड झाली म्हणून कापड हलकं ठरत नाही. त्या अंगाला ते बसलं नाही, इतकंच. आत्मविश्वास ठेवा, नजरेला नजर द्या, छाप पाडा, असे जे सल्ले नव्या नटांना सर्रास मिळतात, ते सगळे ऑडिशनला तोंडी परीक्षा समजून दिलेले असतात. तिथे माप घेतलं जातं, गुण दिले जात नाहीत, हे एकदा ध्यानात आलं की तयारी कशाची करायची आणि कशाची सोडून द्यायची, याचा हिशेबच बदलतो.

याचा बिनतोड दाखला चाळीसेक वर्षांपूर्वीचा आहे आणि तो मराठी रंगभूमीच्या अगदी जवळचा आहे. रिचर्ड अॅटनबरो यांचा ‘गांधी’ १९८२ साली प्रदर्शित झाला. त्यातल्या प्रमुख भूमिकांच्या स्क्रीन टेस्टसाठी भारतातून लंडनला गेलेल्यांत नसीरुद्दीन शाह, स्मिता पाटील, भक्ती बर्वे आणि रोहिणी हट्टंगडी होते. कस्तुरबा झाल्या रोहिणी हट्टंगडी आणि त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. गांधींची भूमिका बेन किंग्जलींकडे गेली. आता बाकीच्या तिघांचा विचार करा. स्मिता पाटील यांना तोवर ‘भूमिका’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता. भक्ती बर्वे यांची ‘ती फुलराणी’ १९७५पासून महाराष्ट्राच्या तोंडी होती. नसीरुद्दीन शाह यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ही मंडळी त्या दिवशी अभिनयात कमी पडली, असं म्हणायला कुणाची जीभ धजावेल? दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण पत्नीपासून आगाखान पॅलेसमध्ये प्राण सोडणाऱ्या म्हातारीपर्यंतचा प्रवास, समोरचा विशिष्ट गांधी आणि दिग्दर्शकाच्या मनातलं चित्र, या सगळ्यांत मिळून एकच कस्तुरबा बसणार होती. निवड म्हणजे ही बेरीज असते. तिच्यातला एक आकडा नटाच्या हाती असतो, बाकीचे दुसऱ्याच कुणाच्या.

ते बाकीचे आकडे कोणते, हे टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलं की कळतं. कास्टिंग करणाऱ्यापुढे एक अडचण असते आणि ती आज संध्याकाळपर्यंत सुटावी अशी त्याची मनापासून इच्छा असते. नायिका आधीच ठरलेली असते, तेव्हा तिचा भाऊ तिच्यासारखा दिसायला हवा. नायक साडेपाच फुटांचा, म्हणून खलनायक सहा फुटी नको. कुणाच्या तारखा जुळत नाहीत, कुणाचं मानधन बसत नाही. मालिकेत तर निर्मात्याच्या वर वाहिनीची पसंती असते. ऑडिशन, मग लुक टेस्ट, मग दोघा-तिघांना एकत्र उभं करून मॉक शूट, अशा चाळण्या लागतात. शिवाय रोज भाग प्रसारित होणाऱ्या मालिकेत पानं सेटवर येतात, तासाभरात पाठ करावी लागतात आणि दिवसाकाठी कितीतरी सीन उरकावे लागतात. म्हणून तिथला निवडणारा तुमच्यातली असामान्य प्रतिभा शोधण्याआधी हे बघतो की ऐन वेळी ओळ बदलली तर हा माणूस गडबडतो का. जाहिरातीचं गणित आणखी निराळं. तीस सेकंदांत संवाद मिळेलच असं नाही. चहाचा घोट घेतल्यावर चेहऱ्यावर काय उमटतं, एवढ्यावर निकाल लागतो. तेव्हा ‘ऑडिशनची तयारी’ असं सरसकट काही नसतं. कशाची ऑडिशन आहे, हे विचारण्यापासून तयारी सुरू होते आणि आश्चर्य म्हणजे हा प्रश्न फार थोडे विचारतात.

पहिल्या काही क्षणांना मात्र अवाजवी म्हणावं इतकं महत्त्व असतं. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षक वर्गात शिकवतानाच्या, आवाज बंद केलेल्या, अर्ध्या मिनिटाहून छोट्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या आणि मतं विचारली. सत्र संपल्यावर त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी ती मतं बरीच जुळली. शिक्षक आणि नट यांत फरक आहे, तरी बघणाऱ्याचा डोळा किती झटपट मत बनवतो, ते यातून दिसतंच. कॅमेऱ्यासमोर उभं राहून नाव, वय, उंची, गाव सांगायचं, मग डावा-उजवा प्रोफाइल दाखवायचा, याला ‘इंट्रो’ म्हणतात. नवखे तो कसाबसा उरकतात, कारण खरा अभिनय पुढे आहे असं त्यांना वाटतं. बघणारा मात्र तिथेच माणूस बघून घेतो. इंट्रोत अभिनय करू नये आणि वयही चोरू नये; पुढच्या चाळणीत ते उघडं पडतं.

आता मुख्य गोष्ट, सीन. भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. ऑडिशनच्या खोलीत यातलं आहार्य जवळजवळ उरतच नाही. ना वेशभूषा, ना नेपथ्य, ना प्रकाशयोजना. मागे एकरंगी भिंत आणि समोर निर्विकार आवाजात क्यू वाचणारा सहायक. आंगिकाला कॅमेऱ्याची चौकट आवळते. उरतं वाचिक आणि मुख्यतः सात्त्विक, म्हणजे आतून उमटणारं. ते ठरवून आणता येत नाही. त्यासाठी जागा तेवढी तयार ठेवता येते. समजा, दोन पानांचा सीन आला आहे. मुलाची नोकरी सुटली आहे, वडिलांना ते ठाऊक नाही, आणि मुलाची पहिली ओळ आहे : ‘अण्णा, जेवण झालं का तुमचं?’ कागदावर वर कंसात लिहिलंय ‘भावुक’. दहातले आठ जण ही ओळ गळा दाटून म्हणतील. पण हा मुलगा बातमी लपवायला धडपडतोय. वडिलांनी आपल्याकडे नीट बघू नये, ही त्याची त्या क्षणाची गरज आहे, आणि जेवणाची चौकशी हे त्याने पुढे केलेलं ढालीसारखं वाक्य आहे. असं धरलं की तीच ओळ जरा जास्तच मोकळेपणाने, कदाचित पाठमोरं होत, चप्पल काढता काढता येईल आणि बघणाऱ्याच्या पोटात कालवेल. मी कुणाशी बोलतोय, मला त्याच्याकडून काय हवंय, सीन सुरू होण्याच्या मिनिटभर आधी काय घडलंय आणि नेमकं कुठल्या ओळीला पारडं फिरतं, एवढी उत्तरं हाती असली की दोन पानं पुरेशी वाचून झाली, असं समजायला हरकत नाही. स्तानिस्लावस्कीपासून आजवरच्या बहुतेक अभिनयशिक्षकांनी हेच प्रश्न आपापल्या शब्दांत विचारले आहेत.

यावर एक आक्षेप हमखास येतो : इतकी तयारी केली तर उत्स्फूर्तता मरते, तेव्हा कागद एकदा वाचावा आणि उभं राहावं. त्यात तथ्य आहे, पण निम्मं. चढउतार पाठ केले, कुठल्या शब्दावर थांबायचं आणि कुठे भुवई उचलायची हे आरशासमोर घोटून ठेवलं, तर सीन मरतोच. समोरून ‘छान, आता हेच हसत हसत कर’ असं आलं की असा नट अडखळतो, कारण त्याच्यापाशी एकच चाल असते. परिस्थिती घोटलेल्याचं तसं होत नाही. गरज तीच ठेवून तो रस्ता बदलतो. नट संवाद लक्षात कसे ठेवतात, यावर हेल्गा आणि टोनी नॉइस या अमेरिकन दांपत्याने अनेक वर्षं संशोधन केलं. मुरलेले नट घोकंपट्टी करत नाहीत, प्रत्येक ओळीमागचा हेतू हुडकतात आणि शब्द त्या हेतूला चिकटून लक्षात राहतात, असं त्यांना आढळलं. अभिनयाचा गंधही नसलेल्या विद्यार्थ्यांना ‘हे कुणाला तरी मनापासून सांगताय असं वाचा’ म्हटलं, तेव्हा पाठ करू पाहणाऱ्यांपेक्षा त्यांच्या अधिक लक्षात राहिलं. हालचालीसह म्हटलेल्या ओळी बसून म्हटलेल्यांपेक्षा जास्त टिकल्या. म्हणजे पाठांतर आणि समज या दोन वेगळ्या तयाऱ्या नाहीतच. दुसऱ्यांदा वेगळं करायला सांगणं हा नकार नसतो, हेही इथेच सांगायला हवं. ज्याच्याबद्दल उत्सुकता नाही त्याला कुणी दुसरा टेक देत नाही.

मराठी मुलामुलींपाशी या बाबतीत एक मोठी जमा आहे आणि तिला चिकटलेलं एक ओझंही आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४पासून सुरू आहे, पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३पासून. गावोगावच्या एकांकिका स्पर्धा तर मोजायच्याच नाहीत. शिस्त, पाठांतर, समूहात काम करण्याची सवय आणि प्रेक्षकांसमोर उभं राहण्याची निर्भयता तिथे फुकट मिळते. निवडणारी माणसंही त्या प्रेक्षकांत बसलेली असतात, त्यामुळे कितीतरी ऑडिशनी नटाच्या नकळत होऊन जातात. ओझं असं की स्पर्धेत शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं आणि परीक्षकाला पाऊण तासात जिंकायचं असतं. ही सवय चार फुटांवरच्या कॅमेऱ्यापुढे आरडाओरडा ठरते. तिथे आवाज नव्हे, विचार ऐकू जावा लागतो. समोरचा बोलत असताना तुमच्या डोळ्यांत काय चाललंय, हे संपादकाला कापून घ्यायला उपयोगी पडतं. दुसरं ओझं भाषेचं. ‘गावाकडचा’ म्हटल्यावर एकच ठोकळेबाज बोली सगळ्या पात्रांना चिकटवली जाते. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, कोल्हापुरी यांचे हेल निराळे, क्रियापदं निराळी. त्यातली एखादी घरची असेल तर ती लपवण्याऐवजी पहिल्या इंट्रोतच सांगावी, कारण ती नक्कल करून येत नाही. हिंदीच्या ऑडिशनला उलटी पंचाईत होते. चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळे असतात हे मराठी जिभेला जन्मतः ठाऊक असतं, पण ‘ज’खालचा नुक्ता आणि हिंदीतली लिंगं तिला दगा देतात. यावर रोज अर्धा तास मोठ्याने वाचण्यापलीकडे इलाज नाही.

कोविडनंतर पहिली चाळणी बहुतांशी घरूनच होते. नटाने स्वतःच चित्रित करून पाठवलेल्या या सीनला आपल्याकडेही सेल्फ टेपच म्हणतात. त्याचे नियम साधे आहेत आणि तरी रोज मोडले जातात. मोबाइल आडवा धरा, पंखा बंद ठेवा, उजेड पाठीमागून येऊ देऊ नका, फिल्टर लावू नका, आणि क्यू देणाऱ्या मित्राचा आवाज तुमच्यावर कुरघोडी करणार नाही असं बघा. मित्राला कॅमेऱ्याच्या अगदी लगत उभं करा, म्हणजे दोन्ही डोळे दिसतील. सूचनांत सांगितलेलं फाइलचं नाव तसंच ठेवा. शंभर फायलींच्या ढिगात ‘न्यू व्हिडिओ फायनल’ कोण शोधणार? मात्र या पद्धतीने खर्च आणि कष्ट नटाच्या अंगावर ढकलले, ही तक्रार रास्त आहे. ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहतात, त्याने एकरंगी भिंत आणि शांतता आणायची कुठून? अमेरिकी नटांच्या संघटनेने २०२३च्या संपात इतर मागण्यांबरोबर सेल्फ टेपवर बंधनं मागितली आणि नंतरच्या करारात ती मिळवलीही. आपल्याकडे हा विषय अजून चहाच्या टपरीवरच आहे.

याहून वजनदार आक्षेप आपल्याच चित्रपटांतून येतो. ‘फँड्री’चा सोमनाथ अवघडे हलगी वाजवणारा खेड्यातला मुलगा होता, त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूची ‘सैराट’ प्रदर्शित होण्याआधीच राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. ‘कोर्ट’मधला लोकशाहीर रंगवणारे वीरा साथीदार हे प्रत्यक्षात कार्यकर्ते आणि संपादक होते. ‘द डिसायपल’चा नायक आदित्य मोडक शास्त्रीय गायक आहे. मग तयारीचं एवढं स्तोम कशाला? पण नीट पाहिलं तर या निवडी मापाच्या मुद्द्याला बळकटीच देतात. दिग्दर्शकाला हवं होतं ते त्या माणसांच्या जगण्यात आधीच मुरलेलं होतं : हलगी धरणारा हात, चळवळीत घासलेला आवाज, तानपुऱ्यापाशी बसायची रीत. तयारी झालीच होती, ती वेगळ्या नावाने झाली होती. आणि एक भूमिका आयुष्याशी जुळणं निराळं, आज वकील, उद्या वारकरी, परवा दारुड्या होणं निराळं. ‘कोर्ट’मध्येच सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या आहेत, नवख्यांच्या त्या मेळाव्यात त्या कुठेही ‘अभिनय करताना’ दिसत नाहीत. त्यांचं ते न दिसणं मला या साऱ्या चर्चेतला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

उरला तो कडवट आक्षेप : हे सगळं सांगायला ठीक, कामं मिळतात ओळखीपाळखीने, गोऱ्या रंगाने आणि हल्ली इन्स्टाग्रामवरच्या आकड्यांनी. तो खोटा पाडता येत नाही आणि पाडूही नये. माप घेणाऱ्याची टेपच वाकडी असू शकते. ‘श्रीमंत घरातली’ म्हणजे गोरी आणि ‘मोलकरीण’ म्हणजे सावळी, हे समीकरण कास्टिंगच्या संदेशांत आजही उघड दिसतं. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ यांचं मोल त्यामुळेच मोठं. त्यांनी मापच बदललं. तरी दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पूर्वी नाटक मंडळीतल्या वशिल्याशिवाय किंवा निर्मात्याच्या दिवाणखान्यात प्रवेश असल्याशिवाय दार उघडतच नसे. कास्टिंग हा स्वतंत्र व्यवसाय झाल्यावर निदान अनोळखी माणसाची टेप बघणं हे कुणाचं तरी काम झालं. ऑस्करनेही २०२६च्या सोहळ्यापासून कास्टिंगला स्वतंत्र पुरस्कार ठेवला, यावरून या कामाचं वजन कळावं. दुसरं, ओळखीने दार उघडतं, पण आत गेल्यावर कॅमेरा आडनाव वाचत नाही. आकड्यांवर घेतलेला चेहरा दुसऱ्या सीनला उघडा पडतो, आणि मग त्याच्या आसपास ज्यांना काम येतं अशी पाच माणसं भरावी लागतात. पुष्कळ चांगल्या नटांची सुरुवात त्या पाचांत झालेली आहे.

इथेच एक इशारा. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, ‘कार्ड’ काढून देण्यासाठी किंवा आमच्याकडूनच पोर्टफोलिओ काढा म्हणून जो पैसे मागतो, तो काम देणारा नसतो. नट काम करून पैसे घेतो, देत नाही. हॉटेलच्या खोलीत, रात्री, एकट्याने या, असा निरोप आला तर न जाणं हीच तयारी. केरळमधल्या हेमा समितीचा अहवाल २०१९ साली सादर होऊन २०२४मध्ये बाहेर आला, तेव्हा चित्रपटसृष्टीत संधीच्या नावाखाली काय चालतं ते सरकारी कागदावर आलं. मुंबई-पुणे त्याला अपवाद आहेत, असं मानायला काही आधार नाही.

भीतीचं काय? ती जात नाही, आणि घालवायचा खटाटोप बहुधा अंगाशी येतो. अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाणं म्हणण्याआधी किंवा भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ असं म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड दोन्हीत सारखीच असते, तिला द्यायचं नाव तेवढं बदलतं. मापाची कल्पना इथेही कामी येते. ‘मी चांगला आहे का’ हा प्रश्न घेऊन आत जाणारा स्वतःकडे बघत राहतो, आणि स्वतःकडे बघणारा नट समोरच्याचं ऐकू शकत नाही. ‘हा मुलगा असा असावा, असं मला वाटतं’ हे दाखवायला गेलेल्याचं लक्ष मुलाकडे असतं. सीन संपल्यावर ‘सॉरी, आज घसा बसलाय’ असं पुटपुटणं मात्र टाळावं. बघणाऱ्याला तो सीन आवडला असण्याची शक्यता असते.

खोलीतून बाहेर पडल्यावर एका वहीत चार ओळी लिहायची सवय ठेवावी : तारीख, कुठली भूमिका, मी कुठला अर्थ धरला, त्यांनी काय बदलायला सांगितलं, कपडे कुठले घातले होते. महिन्याभराने पुन्हा बोलावणं आलं तर तोच शर्ट आणि तोच अर्थ घेऊन जावं लागतं, कारण त्यांना तो आवडलेला असतो. चांगल्या कास्टिंग कार्यालयांत जुन्या टेप जपून ठेवलेल्या असतात आणि एका भूमिकेला न बसलेला माणूस दुसरीसाठी त्यांतून वर काढला जातो. वर्षभराची वही चाळली की आपल्याला कुठल्या प्रकारच्या भूमिकांसाठी बोलावतात, कुठली सूचना वारंवार मिळते, हे दिसू लागतं. ‘जरा कमी कर’ सात वेळा लिहिलेलं आढळलं तर पुढच्या महिन्यात कशावर घाम गाळायचा ते वेगळं सांगावं लागत नाही. निकालाचा रकाना आखला नाही तरी चालतो. मुंबईत नकार कळवायची पद्धत नसल्याने तो बहुतेक कोराच राहतो.